अनारकान आपांचा भरलेला प्याला

बुरुल आत-बाशीच्या खोऱ्यात अँब्युलन्सवर फेल्डशर होती. म्हणजे डॉक्टर नव्हे, पण डॉक्टर भेटेपर्यंत सगळं निस्तरायचं तिनेच. रुंद हाडापेराची, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. कामावर नव्या आलेल्या पोरींना ती दटावून सांगायची, "तान्हं मूल म्हणजे लहान मापाचा माणूस नव्हे गं. ते पोटाने श्वास घेतं, आणि तोही नाकातून. नुसतं नाक चोंदलं तरी त्याचा जीव कासावीस होतो. खच्चून रडतंय ना? मग देवाचे आभार माना. गप्प पडलं की धावा. तरणा गडी घोड्यावरून पडला तर आत रक्त वाहत असतानाही हसत उभा राहील, आणि मग एकदम कोसळेल. आणि म्हातारी माणसं तर त्याहून अवघड. त्यांना ताप असतो, पण अंग तापत नाही. काळीज बिघडतं, पण छाती दुखत नाही. शरीर ओरडायचं विसरून जातं."

बोलायला सोपं असतं हे. पण त्या वसंतात, रस्त्यांवर बर्फाचा चिखल झालेला असताना, स्वतः बुरुलच फसता फसता वाचली.

मीरिम नावाच्या एका तरुण आईचा फोन आला होता, बाळाला श्वास घेता येत नाही म्हणून. गाडी दारात थांबली तेव्हा बाळाचं रडणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. "श्वास नाही म्हणे! हा तर उद्या बाजारात मेंढ्या विकेल," ड्रायव्हर झोलचू म्हणाला.

बाळ पाळण्यात होतं, रिवाजाप्रमाणे छातीपासून पायांपर्यंत पट्ट्यांनी आवळून बांधलेलं. बुरुलने आधी पट्ट्या सोडल्या. पोट मोकळं झालं तसं ते भराभर वरखाली होऊ लागलं. तिने नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले, शेंबूड ओढून काढला, छाती तपासली. सर्दीच होती. जरा वेळाने बाळ आईच्या कुशीत चुटूचुटू दूध पिऊ लागलं.

"सर्दी जाईपर्यंत इतकं घट्ट बांधू नका," बुरुल म्हणाली.

कोपऱ्यात मीरिमची सासू अनारकान आपा बसली होती. सत्तरी उलटलेली, उभं आयुष्य मेंढ्यांमागे डोंगर चढलेली. "माझी सहा पोरं बांधूनच वाढली," ती पुटपुटली. "एकही वाकडं निघालं नाही."

"वाकडी नाही निघाली, पण तुमच्यासारखी हट्टी निघाली असतील, आपा," बुरुल हसत म्हणाली. आपा हसली नाही.

चहा घेतल्याशिवाय कुणाला दाराबाहेर जाऊ देतील तर ते आत-बाशी कसलं! चहा ओतायचा तो सुनेने, पण मीरिमच्या मांडीवर बाळ होतं, म्हणून किटली आपाने घेतली. आणि तिने बुरुलचा प्याला काठोकाठ भरून पुढे सरकवला.

झोलचूच्या हातातला नान तोंडापाशीच थांबला. इथे प्याला अर्धाच भरतात. पाहुण्याने बसावं, पुन्हा चहा मागावा, घरच्यांनी पुन्हा द्यावा. भरलेला प्याला म्हणजे पी आणि चालती हो. मीरिमने शरमेने मान खाली घातली.

बुरुलच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या चिखलातून आलो, नातवाचा श्वास मोकळा केला, आणि पट्ट्या सोडल्या म्हणून हा मान! तिने प्याल्याला हात लावला नाही. "येतो आम्ही," म्हणून ती उठली.

"एजे, मनावर घेऊ नका," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी मीरिम दारापर्यंत येत कुजबुजली. "परवापासून अशाच वागतायत. सकाळी शोरब्यात दोनदा मीठ घातलं आणि मलाच ओरडल्या. मीही बोलायचं सोडलंय."

बुरुलने एक बूट चढवला. दुसरा हातात घेतला आणि तिची नजर आत गेली. आपा आता झोलचूचा प्याला भरत होती. चहा काठावरून खाली अंथरलेल्या दस्तरखानावर सांडत होता, नानखाली पसरत होता, आणि आपा ओततच होती. तिचं लक्षच नव्हतं.

बुरुल तशीच एका बुटानिशी आत धावली. किटली काढून घेतली, मनगट धरलं. हात गार आणि घामाने ओला. नाडी मध्येच अडखळत होती.

"आपा, छातीत दुखतंय?"

"काही दुखत नाही गं. जरा दमल्यासारखं वाटतं. आणि खावंसं वाटत नाही."

"कधीपासून?"

"म्हातारपणाला का तारीख असते?"

"झोलचू, मशीन आण!"

आपाच्या छातीला तारा लावल्या, आणि बुरुलने कागदावरच्या रेघा पाहिल्या. हृदयाचा झटका होता, आणि तो आजचा नव्हता. तिने आपाला गोळी चावायला दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. आपा म्हणत राहिली, "अगं, पाहुण्यांना आधी चहा तर पिऊ दे." मीरिम सासूचे पाय कवटाळून रडू लागली. "आपा, मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलात! मी तोंड फिरवून बसले आणि तुम्ही..."

जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर बुरुलने आपाचा हात सोडला नाही. मनातल्या मनात ती स्वतःला शिव्या घालत होती. दुसरा बूटही चढवला असता तर? स्वतःच्या मानापायी ती एका मरणाऱ्या बाईवर रुसून निघाली होती. तिला ते कधीच विसरता येणार नव्हतं.

संध्याकाळी तिथली डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "वाचल्या. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं."

बुरुल निरोप घ्यायला आत गेली. नळ्यांमध्ये आपा एवढीशी दिसत होती. तिने बुरुलला जवळ बोलावलं.

"मीरिमने मघाशी घरून फोनवर सांगितलं. मी तुला भरून चहा दिला?"

"दिलात."

"आणि तू उठलीस?"

"उठले, आपा."

म्हातारीने डोळे मिटले. कडांमधून पाणी ओघळलं. बुरुल घाबरून वाकली. "काय होतंय? कुठे दुखतंय?"

"इथे," आपाने छातीवर हात ठेवला. "उंबऱ्यात आलेल्या माणसाला मी हाकललं. आता दुखतंय बघ."

बुरुल खाटेच्या कडेला बसली आणि आपाचे पांढरे केस कपाळावरून मागे सारत राहिली.