हौसाकाकींचा कडू घास

पत्रकांचा गठ्ठा पुढ्यात आला की शेजारच्या हौसाकाकी आधी विचारायच्या, "ह्यात कोण मेलंय का?" कोणी मेलेलं असेल तर त्या घडी उलटी घालायच्या, अक्षरं आतल्या बाजूला. "मेल्या मानसाचं नाव उघड्यावर फिरवू न्हाई," एवढंच कारण. वाचता त्यांना येत नव्हतं. विंझरला आमच्या ओसरीवर माझ्या वडिलांच्या चळवळीची पत्रकं त्यांनी वीस वर्षं दुमडली, अंगठ्याच्या नखानं, कडेला कड लावून. मी त्याच ढिगाऱ्याशेजारी बोलायला शिकले.

मी पहिलं मोठं पत्रक लिहिलं ते मेक्सिकोवर. तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या गरीब आदिवासी शेतकऱ्यांनी जमिनीसाठी बंदुका उचलल्या, त्याला तीस वर्षं होत होती. तेव्हा बाकीचं जग कसं वागलं, हा माझा विषय. काकींना मी ते तावातावानं वाचून दाखवलं. सरकारांनी चिंता व्यक्त केली. चिंता व्यक्त करायला पदरचं काही जात नाही. देशोदेशी वकिलातींपुढे मोर्चे निघाले, ठराव झाले, पत्रं गेली. काकी घड्या घालत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "समदं झालं. पर कडू घास कुनी नेला?"

मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारची माणसं पिठलं-भाकरी घेऊन जातात, घरच्यांना दोन घास खायला लावतात. तो कडू घास. मी हसले. म्हटलं, काकी, एवढे समुद्र ओलांडून भाकरी कोण नेणार? त्या हसल्या नाहीत. त्यांचं माहेर धरणात बुडालं तेव्हाचं सांगू लागल्या. साहेब आले होते, पेपरवाले आले होते, मोर्चाही निघाला होता. "लई लिवून नेलं. पर आमच्यासंगं जेवाया कोन बसलं न्हाई."

तेव्हा मी शेवटचा परिच्छेद वाचला. मला तो सगळ्यात फिका वाटत होता. लष्करानं पुन्हा चाल करू नये म्हणून परदेशातली काही साधी माणसं त्या खेड्यांत जाऊन राहिली; तिथलंच खाल्लं, तिथंच झोपली. काकींचं नख थांबलं.

"ही खरी सोयरी. ह्ये वर घे पोरी, समद्यात आदी."

मी घेतलं नाही. वर सरकारांचा धिक्कार होता आणि तो मला हलवायचा नव्हता.

त्याच पत्रकाच्या सभेसाठी मी पुण्यात होते, तेव्हा टेम्पो उलटून काकींचा मुलगा ज्ञानोबा गेला. निरोप आला त्या वेळी सभा सुरू व्हायची होती आणि बोलणारी मीच होते. विंझरवरून जाणारी वेल्ह्याची एसटी मिळाली असती. मी मोबाईलवरून लांबलचक सांत्वन पाठवलं. ते चांगलं उतरलंय हे मला लिहितानाच कळत होतं, त्याची आज जास्त लाज वाटते. सभेत मी कडू घासाची गोष्टही सांगितली. टाळ्या पडल्या.

चौथ्या दिवशी गेले. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुजं सुनेनं वाचलं. लई चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "त्या दिशी समदी म्हनत व्हती, खा. म्या म्हनलं, थांबा, पोरगी यील."

पुढे त्या पुन्हा ओसरीवर येऊ लागल्या. पण कोण मेलंय, हे विचारणं त्यांनी सोडलं. सगळ्याच घड्या उलट्या घालायच्या.

गेल्या पौषात काकी गेल्या. फोन आला तेव्हा मी पुण्याच्या खोलीवर होते. टेबलावर कागद होता, पेन होतं. मी पीठ मळायला घेतलं. मला भाकरी येत नाही. पिठल्यातही गुठळ्या झाल्या. डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. काय बोलायचं ते विंझर येईपर्यंत सुचलं नाही.

सुनेपुढे डबा उघडला आणि तिच्याजवळ बसले. तिनं भाकरी उचलून पाहिली.

"कडा फाटल्यात," ती म्हणाली, आणि एक तुकडा मोडला.