जबड्याची पट्टी

सांगलीतल्या आमच्या सेवा क्लबात पाहुणा कुणीही असो, बोलतात आमचे अध्यक्षच. मला त्याचा भयंकर वैताग येतो.

त्या दिवशी आटपाडीच्या शाळेतल्या मुली आपले उपक्रम दाखवायला आल्या होत्या. प्रथमोपचारासाठी त्यांना एक जखमी हवा होता. अध्यक्षच हौसेनं उठले. जबडा मोडलाय असं धरून एका मुलीनं हनुवटीखालून डोक्यावर पट्टी अशी आवळली, की मी आनंदानं उठून उभाच राहिलो! अध्यक्ष काहीतरी पुटपुटले, तशी ती दरडावून म्हणाली, "आवं, बोलू नगा, हाड हलंल!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मग लेझीम झालं, मुलींनी बनवलेला रोबो धावला, लय मजा आली.

पट्टी सोडायची आठवण कुणालाच राहिली नाही. म्हणजे, मला होती.