कृपया आहेर देऊ नये

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं. ते वाचून कुणी रिकाम्या हाताने लग्नाला गेल्याचं मला तरी आठवत नाही. मी स्वतः ती ओळ वाचतो तेव्हा पाकीट आणायला कुणाला पाठवावं याच विचारात असतो. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात तीच ओळ जरा बदलून मी बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा ती कुणी खरोखर पाळेल अशी शंकाही मला आली नाही.

मजकूर असा होता : ‘आम्ही उभयता एकवीस दिवसांच्या प्रवासास फक्त सात-सात किलोची एकेक हातबॅग घेऊन निघत आहोत. तरी कृपया आहेर, ओटी, खाऊ इत्यादी काहीही देऊ नये, ही नम्र विनंती.’

दहा मिनिटांत अकरा अंगठे आले. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको मेथी निवडत होती. तिने वाचलं, फोन परत दिला आणि ‘बरं’ म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बायकोच्या ‘बरं’चे तीन-चार प्रकार तरी नवऱ्याला ओळखता यायला हवेत. मला एकच येतो.

आता हे सात किलोंचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते सांगतो. मी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठल्या रॅकवर काय, किती, आणि त्यात अजून काय बसेल, हे पाहण्यात हयात गेली. त्यामुळे सामान भरण्यातलं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज आहे. तिकिटं काढली ती फक्त हातबॅगवाली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, थोडे पैसे जास्त भरून मोठी बॅग घ्या ना.’ मी म्हटलं, ‘प्रश्न पैशाचा नाही, शिस्तीचा आहे.’ हे वाक्य बोलल्यावर माणसाने ताबडतोब कुठेतरी बसून पाणी प्यावं, इतकं ते धोक्याचं असतं. पण मी उभाच होतो.

पंधरा दिवस आधी तयारी सुरू झाली. तीन शर्ट, दोन पँटी, एक स्वेटर. कपडे घडी न घालता गुंडाळायचे, हे फोनवर बघून शिकलो. शर्टांच्या सुरळ्या करून बॅगेत उभ्या लावल्या. बायको म्हणाली, ‘अळूवड्या छान झाल्यात.’ मग ती बॅग पाठीला लावून आमच्या पनवेलच्या वडाळे तलावाला दोन फेऱ्या मारल्या, प्रवासात झेपेल ना ते बघायला. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, ‘अहो, बॅगेशिवाय नाही का फिरता येणार? शेजारच्या वहिनी विचारत होत्या, भांडण झालंय का म्हणून.’

वजन करायला मी खाली चाचांच्या दुकानात जात असे. हे चाचा तरुणपणी मस्कतला गेले, केस पिकल्यावर परतले, आणि आता आमच्या इमारतीखाली कांदे-बटाटे विकतात. त्यांच्या काट्यावर माझी बॅग सहा किलो नऊशे भरली. मी त्यांच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं. चाचा म्हणाले, ‘भाऊ, जातानाची बॅग कोणपण भरतो. येतानाची भरायला अक्कल लागते.’

‘येताना तीच, चाचा. एक ग्रॅम जास्त नाही.’

‘घरवालीला विचारलंत?’

मी हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी बॅग उतरवून काट्यावर बटाटे ठेवले.

बायकोची बॅग मात्र जेमतेम पाच किलो भरली. दोन साड्या, चार पंजाबी ड्रेस, एक शाल. बॅगेच्या वरच्या बाजूला एक सपाट जागा तिने तशीच मोकळी सोडली होती. मी खूश झालो. म्हटलं, बाईने मनावर घेतलंय. आणि त्या मोकळ्या जागेत माझे बूट, दाढीचं सामान आणि जाडं जाकीट बसवून टाकलं. रिकामा रॅक मला बघवत नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. तेव्हाही ‘बरं’च म्हणाली.

पहिले तेरा दिवस राजस्थान. तिथलं फार सांगण्यासारखं नाही. किल्ले आहेत, मोठे आहेत. मी रोज संध्याकाळी हॉटेलच्या बेसिनमध्ये शर्ट धूत होतो आणि थंडीमुळे तो वाळत नसल्याने दमट शर्ट घालून इतिहास बघत होतो. फोटो मुलाला पाठवले तर तो म्हणाला, ‘बाबा, सगळे किल्ले एका दिवसात उरकलेत का?’ प्रत्येक फोटोत तोच निळा चौकड्यांचा शर्ट. बायकोचेही तेच ते ड्रेस, पण ती ओढण्या बदलून काहीतरी करत असे. मला ओढणीची सोय नव्हती.

शेवटचे आठ दिवस इंदूरला, मावशींकडे. या बायकोच्या मावशी. माझ्या सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून बायकोचं माहेर म्हणजे हे इंदूरचं घर. मावशी चौऱ्याऐंशीच्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि अजून आहेत असं त्यांच्याशी बोलताना वाटतं. घरात त्या, त्यांचा मुलगा आणि सून. बायको सहा वर्षांनी तिथे जात होती. मावशींचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्या पनवेलला येण्याचा प्रश्न नव्हता. पुढची भेट कधी, हे दोघी बोलत नव्हत्या. दुपारी नुसत्या शेजारी पडून असत आणि छताकडे बघत आंबोळ्यांच्या पिठाच्या प्रमाणावर वाद घालत.

निघायच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. सकाळी मावशींनी बायकोला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. बायकोने सवयीने पदर पुढे केला. माहेरून निघताना ओटी भरतात. तांदूळ, नारळ, खण, जमलं तर साडी. बायकोने त्या दिवशी मुद्दाम साडी नेसली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मावशींनी वाटीतून तांदळाचे दाणे उचलले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच दाणे पदरात टाकले आणि म्हणाल्या, ‘वजन नको वाढायला. जावईबापूंनी लिहिलंय तसं.’

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मावशींनी चाळीस वर्षं लेखी सूचना दिल्या आणि पाळल्या. त्यांना लेखी सूचना म्हणजे लेखी सूचना. बायको हसली, दाणे रुमालाच्या टोकाला बांधले, वाकून नमस्कार केला आणि ‘आलेच’ म्हणून मागच्या अंगणात गेली. आणि मी काय विचार करत होतो? शून्य ग्रॅम. काय लोक आहेत!

मी चार्जर घ्यायला आतल्या खोलीत गेलो. मावशींची सून कपाटाशी उभी होती. तिच्या हातात मलमलच्या कपड्यात गुंडाळलेली एक माहेश्वरी साडी होती. जुनी, जांभळ्या काठाची. ती वरच्या फळीवर सारत होती.

‘छान आहे,’ मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

ती म्हणाली, ‘जिजाजी, ही ताईंचीच आहे. म्हणजे, व्हायची होती. दोघी बहिणींनी एकाच दिवशी महेश्वरहून आणलेल्या. ताईंच्या आईची कधीच विरली, ही आमच्या आईंनी जपलीय. मागच्या वर्षी फोनवर ठरलं होतं दोघींचं, येशील तेव्हा देते म्हणून. दिवाळीतच ऊन देऊन बाहेर काढून ठेवलेली. मग तुमचा मेसेज आला.’

‘मग?’

‘मग काय, परत आत.’

मला बॅगेतली ती सपाट मोकळी जागा आठवली. एका साडीएवढी. त्यात माझे बूट होते.

मागच्या अंगणात बायको तुळशीपाशी उगाच सुकी पानं खुडत होती. पाठमोरी होती. मी हाक मारणार होतो, पण काय म्हणून मारायची ते सुचेना, म्हणून वळलो आणि मावशींच्या समोर जाऊन बसलो.

‘मावशी, ते आहेराचं...’

‘काही दिलेलं नाही हो. काळजी नको.’

‘नाही, म्हणजे द्यायला हरकत नाही.’

मावशींनी चष्मा लावला. मला शाळेत उशिरा गेल्यासारखं झालं.

‘तुम्ही लिहिलं होतंत, देऊ नये.’

‘लिहिलं होतं. पण ते आपलं पत्रिकेत लिहितात तसं.’

‘पत्रिकेत लिहिलेलं पाळायचं नसतं?’

‘नसतं, मावशी.’

‘मग लिहितात कशाला?’

जावई माणूस, पन्नाशी उलटलेला, सासरी बसून आहेर मागतोय. मागणाऱ्याने निदान स्वतःसाठी तरी मागावा, तर तेही नाही. मी म्हटलं, ‘मावशी, माझी चूक झाली. तिला न विचारता लिहिलं. ती साडी द्या तिला. वजनाचं मी बघतो.’

मावशींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, ‘जिथे लिहिलंत तिथेच दुरुस्ती करा. तोंडी चालणार नाही.’

मी तिथेच बसून, त्यांच्या देखरेखीखाली ग्रुपवर लिहिलं : ‘आधीची सूचना रद्द. आहेर स्वीकारला जाईल.’ मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘क्षमस्व घाला.’ घातलं.

आता इंदुरात बायकोच्या माहेरची आणखी चार घरं आहेत आणि तीही त्या ग्रुपवर आहेत, याचा मी याही वेळी विचार केला नव्हता. आठ दिवस बिचारे हात बांधून बसले होते. पाव तासात पहिली स्कूटर आली. मामेभाऊ शेवेची दोन पाकिटं घेऊन आला आणि म्हणाला, ‘भाऊजी, जीव टांगणीला लागला होता!’ पाठोपाठ त्याची बहीण, खण आणि नारळ घेऊन. मग कुणी चादर आणली, कुणी मला टॉवेल-टोपी. एका आत्याबाईंनी स्टीलचा डबा दिला, आत तीळ-गुळाची गजक होती, आणि ‘डबा परत नको’ असंही सांगितलं. नारळ विमानात चालतो का, यावर घरात दोन पक्ष पडले. शेवटी सुनेने तो फोडून, खोवून पोह्यांवर घातला आणि सगळ्यांनी मिळून खाल्ला.

बायको अंगणातून आत आली ती या गर्दीत. तिला काय झालं ते कळेना. मावशींनी तिला हाताला धरून पुन्हा पाटावर बसवलं, पुन्हा कुंकू लावलं. या वेळी ओंजळभर तांदूळ घातले आणि वर ती माहेश्वरी ठेवली. बायकोने साडीवर हात ठेवला आणि नाक साडीला लावलं. कापराचा वास असणार.

मग मी खोलीत जाऊन दोन्ही बॅगा पलंगावर उलट्या केल्या. स्टोअरमधल्या माणसाला एवढं तरी यायला हवं. तीन शर्टांपैकी निळा चौकड्यांचा अंगावर, उरलेले दोन बाहेर. एक पँट बाहेर. स्वेटर बाहेर. बूट पायात, चपला बाहेर. जाकीट अंगात, त्याच्या खिशांत गजक. माझ्या बॅगेत चादर, खण, डबा, शेव. बायकोच्या बॅगेत सर्वांत वर माहेश्वरी, सपाट, सुरळी न करता. घरातल्या वजनकाट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, मग बॅगेसकट. वजाबाकी मावशींनी केली. सहा किलो आठशे.

पलंगावर माझ्या कपड्यांचा ढीग उरला. मावशी म्हणाल्या, ‘हे काय करायचं?’ मी म्हटलं, ‘कुणालाही देऊन टाका.’ त्यांनी एक शर्ट दोन बोटांनी उचलून पाहिला आणि म्हणाल्या, ‘घेईल का कुणी?’

विमानात बायको खिडकीशी बसली. माझ्या जाकिटातली गजक तिने एकेक करत संपवली. पनवेलला घरी पोहोचेपर्यंत मी शेवेच्या पाकिटांवरच बोलत होतो.

चार दिवसांनी इंदूरहून सुनेचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ‘जिजाजी, तुमचे कपडे धुऊन इस्त्री करून ठेवलेत. कुणाला देववत नाहीत हो. कुरियरने पाठवू का? पत्ता सांगा.’

मी पत्ता सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

‘काही पाठवू नकोस गं,’ ती म्हणाली. ‘मावशीला सांग, तिच्याच कपाटात ठेव म्हणावं. उन्हाळ्याच्या आत येतो आम्ही न्यायला.’

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. ‘तोवर हाच चौकड्यांचा शर्ट घाला. एकवीस दिवस घातलात, अजून तीन महिने काय होतंय त्याला?’