साहेबांचा काढा

“गोळ्या बंद केल्या मी, डॉक्टर. आता काढा पिऊन राह्यली,” शोभाताई म्हणाल्या.

देवळी गावात शिवणकाम करणाऱ्या शोभाताई माझ्या टीबीच्या पेशंट. कोर्स सहा महिन्यांचा. खोकला थांबला तरी पूर्ण घ्यायचा. मध्येच सोडला की उरलेले जंतू निगरगट्ट होतात आणि त्याच गोळ्यांना दाद देत नाहीत. याला आम्ही रेझिस्टन्स म्हणतो. ताईंचा खोकला परत सुरू झाला होता, आणि एकाच खोलीत शेजारी त्यांची लेक झोपत होती.

“काढा कोणी सांगितला?”

“साहेबानं. टीव्हीवर बोलले ना, जुना खोकला काढ्यानं गेला म्हणून.”

साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी, तेव्हा निवडणुकीला उभे होते. कोण ते मी आजही सांगणार नाही. त्यांनाही टीबीच होता. वर्ध्याच्या माझ्या दवाखान्यात मागच्या दाराने येऊन ते ह्याच गोळ्या नेत होते. पण पेशंटचा आजार त्याच्या परवानगीशिवाय उघड करायचा नसतो. मी समजावलं, रागावलोसुद्धा.

“साहेब खोटं कायले बोलतील जी?” एवढंच ताई म्हणाल्या.

संध्याकाळी साहेबांच्या घरी गेलो.

“कोणाले सांगतलं तं नाई ना?” त्यांचा पहिला प्रश्न.

“नाही. म्हणूनच आलो.” ताईंचं नाव न घेता मी सगळं सांगितलं.

“डॉक्टर, टीबी म्हटलं की लोकं चहासुदिक पाजत नाईत. मत कोण देईन? आजार माझा, सांगाचं का नाई ते मी पाहीन.”

“टीव्हीवर खोकल्याचा प्रश्न टाळला असता तर मी इथे आलो नसतो. तुम्ही काढा सांगितला. आजार तुमचा, पण काढा लोक पितायत.”

साहेबांनी समोरचा टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “मले त्या बाईकडे न्या.”

ताईंना विचारून दुसऱ्या दिवशी साहेबांना माझ्या गाडीतून नेलं. कॅमेरा नाही, कार्यकर्ते नाहीत. साहेबांनी खिशातून स्ट्रिप काढली आणि ताईंसमोर गोळी गिळली. ताईंनी आपली स्ट्रिप आणून शेजारी धरली. दोन्ही सारख्याच.

“मंग टीव्हीवर तसं काऊन बोलले?”

“भेव लागला, ताई.”

ताईंनी चहा ठेवला. साहेब तो मान खाली घालूनच प्यायले. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

परतताना विचारलं, “हेच टीव्हीवर कधी सांगणार?”

“इलेक्शन होऊ द्या.”

ताईंनी कोर्स नव्याने सुरू करून पूर्ण केला. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, लेकीलाही काही निघालं नाही. साहेब निवडून आले. टीव्हीवर मात्र ते त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. काढ्याचा व्हिडिओ अजून मोबाइलवर फिरतो.

त्यांनी खरं सांगितलं, पण एकाच घरात. आता नवा पेशंट आला की वजन, ताप बघायच्या आधी मी विचारतो, काढा घेता का? बरेच जण हो म्हणतात.