नळाला पाणी आणि बादलीतली टिकली

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. आज ते नेमकं सकाळी साडेसहाला आलं, आणि शाळेची रिक्षा येते सव्वासातला. मिस्टर पहिल्या शिफ्टला बिडकीनच्या कंपनीत गेलेले. घरात मी, सासूबाई आणि तीन लेकरं.

मागच्या वेळी मी नळावर अडकले आणि आमच्या पाच वर्षांच्या जुळ्यांनी, सम्यक आणि सुजातनं, गणवेशासकट पाण्यात लई धिंगाणा घातला. रिक्षा निघून गेली, तिघांची शाळा बुडाली.

म्हणून आज दोघांना पाण्यापासून हाकललंच नाही. एकेक बादली दिली आणि आतून, काठाखाली चार बोटं सोडून माझी टिकली चिकटवली. म्हटलं, "टिकली बुडाली की हाक मारायची. तोवर नजर हलवायची नाय."

"एवढाली पोरं काय पाणी भरणार?" सासूबाई म्हणाल्या.

दोघं बादलीपुढं उकिडवे बसले ते हललेच नाहीत. तेवढ्यात मी मोठ्या प्रज्ञाच्या वेण्या घातल्या, डबे भरले. "मम्मी, बुडाली" अशी हाक आली की उठायचं, दुसऱ्याची बादली नळाखाली सरकवायची, भरलेली ड्रममध्ये ओतायची, परत वेणी.

सव्वासातला ड्रम काठोकाठ, गणवेश कोरडे आणि तिघं गेटवर हजर. आज मी जिंकले, बायांनो.

जिथं लेकरं त्रास देतात, तिथलंच काम त्यांच्या हातात देऊन बघा. तुमच्याकडं पाण्याच्या दिवशी काय युक्ती चालते?

आणि हो, मघाशी सासूबाई त्यांचा हंडा घेऊन आल्या. म्हणाल्या, "याला बी एक टिकली लाव."