घोड्याची दोन हाडं

माझ्या आत्यानं आयुष्यात साधी सुईसुद्धा हरवली नाही. तिच्यावर दोन हाडं हरवल्याचा ठपका ठेवणाऱ्यांना मी आजही मनातल्या मनात शिव्या घालते. बऱ्याचदा मोठ्यानंही.

आत्या प्राणिसंग्रहालयाच्या शेजारच्या म्युझियममध्ये सांगाडे उभे करायची. बत्तीस वर्षं. हाडं उकळायची, घासायची, वाळवायची, भोकं पाडून तारेनं जोडायची. डोळे मिटून बरगडी हातात घेतली तरी डावी की उजवी, कितवी, ते सांगायची. हुद्दा मात्र शेवटपर्यंत मदतनीस. मदत कुणाला, तर प्रोफेसरांना. त्यांचं नाव पाटीवर आणि हात कायम खिशात.

तिचा जीव घोड्याच्या सांगाड्यावर. घोड्याला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतंच. "खांद्याचं पातं नुसत्या मांसानं धरलेलं असतं गं," ती सांगायची, "म्हणून तर तो असा धावतो." मग मांस गेल्यावर ते पातं टेकवायचं कशावर? त्या एका जागेशी ती चार महिने झटली. शेवटी अशी तार बसवली की शोधूनही दिसू नये.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि नवे संचालक आले. जन्म सगळा फायलींत गेलेला. माणसाच्या हाडांची यादी घेऊन ते घोड्यासमोर उभे राहिले आणि गळ्याखालची डावी-उजवी दोन हाडं कमी भरली. शाब्बास! आत्यानं परोपरीनं समजावलं.

"माणसाला आहेत आणि एवढ्या धिप्पाड जनावराला नाहीत?" संचालक म्हणाले. "मला शिकवता?"

प्रोफेसर शेजारीच होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. दुसऱ्या दिवशी आत्याची नोटीस त्यांनीच सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचली. नंतर जिन्यात गाठून म्हणाले, "हरवली म्हणून सही करून टाका बाई. कागदच तो."

आत्यानं सही केली नाही. तिची फाइल 'दोन हाडे गहाळ' या शेऱ्यावर बंद झाली. निरोपाला कपभर चहासुद्धा कुणी पाजला नाही.

वर्षभरानं मी तिला हट्टानं तिथं घेऊन गेले. घोड्याच्या गळ्याखाली प्लॅस्टिकची दोन हाडं होती, माणसाची, चकचकीत पांढरी. ती बसावीत म्हणून दोन्ही पाती पुढे ओढलेली, आत्याची तार तोडून टाकलेली. समोर शाळेची मुलं मांडी घालून हेच सगळं वह्यांत काढत होती आणि प्रोफेसर त्यांना माहिती देत होते. माझं डोकंच फिरलं.

आत्या दोरी ओलांडून आत गेली आणि पर्समधून पक्कड काढली. पक्कड तिच्या पर्समध्ये असतेच, रुमालासारखी. रखवालदार धावला, तशी मी त्याला आडवी गेले. तिनं दोन्ही हाडं सोडवली आणि प्रोफेसरांच्या हातात ठेवली.

"सांगा सर. घोड्याला हे असतं?"

मुलांच्या पेन्सिली थांबल्या. प्रोफेसर बुटांकडे बघत पुटपुटले, "नसतं."

"मोठ्यानं," आत्या म्हणाली. "नोटीस वाचताना आवाज चांगला लागला होता तुमचा."