शनिवारचा गूळ

आधी माफी मागतो. लिहिणं हे शिकलेल्या घरांतल्या लोकांचं काम, असं मला अजून वाटतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं मराठी निपाणीकडच्या शाळेतलं, सातवीपर्यंतचं. पुढे बेंगळुरूत सगळं कन्नड आणि इंग्रजी. चुकलं तर सांभाळून घ्या.

बेंगळुरूत यशवंतपूरच्या पुढे एका कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवतात. माझे अप्पा तिथे भट्टीवर आहेत. शनिवारी तिथे कामगारांना केळं आणि गुळाचा खडा मिळतो. गुळानं पोटात गेलेली धूळ निघून जाते, असं सगळेच मानतात. अप्पा केळं तिथेच खायचे आणि गूळ शर्टाच्या खिशातून घरी आणायचे. धाकटी बहीण दारातच हात पुढे करून उभी असायची.

मी पर्यावरणशास्त्र शिकतो. शेवटच्या वर्षी एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली. कारखान्यांच्या चिमण्यांतला धूर तपासणं हे तिथलं काम. एका शनिवारी आमची गाडी अप्पांच्याच कारखान्याच्या फाटकात वळली. मी कुणाला काही सांगितलं नाही. अप्पा ढकलगाडी घेऊन समोरून गेले. मास्कच्या वर त्यांचे डोळे दिसले. त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही नाही.

चिमणीचे नमुने घेऊन झाल्यावर मी हात धुवायला कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेलो. नळाला पाणी नव्हतं. खुंट्यांवरच्या कपड्यांवर करडी भुकटी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर गुळाचं ताट उघडंच ठेवलेलं, आणि त्यावरही तीच भुकटी. मी आमच्या वरिष्ठ बाईंना, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो, बोलावून ताट दाखवलं आणि इथलाही नमुना घेऊया का, असं विचारलं. त्यांनी नमुन्यांची पेटी बंद केली.

“ते आपल्याकडे येत नाही रे,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे फक्त चिमणी.”

आतलं दुसरं खातं बघतं, असं त्यांनी परतताना गाडीत समजावलं. ते खातं शेवटचं कधी आलं होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी अप्पा घरी आले ते हसतच. “साहेब आले होते आज कारखान्यात,” माझ्याकडे बोट दाखवत ते आईला म्हणाले. “मान वर करून चिमणी बघत होते. खाली आम्ही दिसलोच नाही त्यांना.” आणि खिशातला गूळ त्यांनी धाकटीला दिला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. यावर शिशाची धूळ आहे, तिला देऊ नका, असं सांगितलं. ती रडायला लागली.

“अरे, शिसं काढायलाच तर देतात गूळ,” अप्पा म्हणाले. कॉलेजात हे शिकवत नाहीत काय, असंही त्यांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. शिसं अंगात कसं जातं, हे कारखान्यात जाणाऱ्या माणसाला मला मराठीत कधी सांगावं लागलं नव्हतं.

धाकटीचं पोट बरेच दिवस दुखत होतं. जंत असतील म्हणून आई औषध देत होती. सोमवारी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. वडील काय करतात, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला वेळ लागेल म्हणाले. सुई टोचताना ती माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे बघत राहिलो.

आधी चिमणीचा निकाल आला. सगळं मर्यादेच्या आत. कारखान्याच्या मॅनेजरना तो मीच फोनवर कळवला. ते थँक्यू म्हणाले. मी जेवणाचा डबा उघडला, जेवलो, डबा धुतला.

पुढच्या शनिवारी बसमध्ये असताना आईचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“रिपोर्ट आला बघ,” ती म्हणाली. “तिच्या रक्तात शिसं हाय म्हणतात, लई हाय. तू घाबरू नको. अप्पांना कळवलंय मी. त्यांनी तिच्यासाठी आज गूळ जास्ती मागून घेतलाय.”